‘विंटेज ६२’ पिकअप आणि ट्यूनर : नाव जुनं, माल भलताच

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वर्णनाशी न जुळणारे गिटारचे पिकअप व ट्यूनर परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मागवलेला तीन पिकअपचा (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग) ‘विंटेज ६२’ संच (₹ ११,४००) आणि सहा ट्यूनरचा (सूर लावायला तारा ताणणाऱ्या खुंट्या) संच (₹ ४,२५०) ५ एप्रिलला मिळाला. दोन्ही वस्तू वर्णनाशी जुळत नाहीत. पिकअप अजून गिटारमध्ये बसवलेले नाहीत, वायरी कापलेल्या नाहीत, सोल्डरचा थेंबही लागलेला नाही. खालची सगळी मापं टेबलावर, वायरींच्या टोकांना क्लिपा लावून घेतली आहेत. हे आधीच स्पष्ट करतो, कारण ‘सोल्डर केलेला माल परत होत नाही’ हे उत्तर आपल्या प्रतिनिधीने प्रश्न पूर्ण ऐकण्याआधीच दिलं होतं.

माझी गिटार म्हणजे फेंडर कंपनीच्या १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) या इलेक्ट्रिक गिटारची फेंडरनेच काढलेली प्रतिकृती आहे. फिंगरबोर्डची गोलाई ७.२५ इंच, हेडस्टॉकची (मानेचं टोक, जिथे ट्यूनर बसतात) भोकं जुन्या मापाची. ऑर्डर देताना ही माहिती शेऱ्यात लिहिली होती.

आता पिकअप. आपल्या वर्णनात अल्निको ५ या मिश्रधातूचे दंडगोल चुंबक, ४२ गेजची हेवी फॉर्मवार लेपाची तार, उंचसखल पोल (तारांखालची चुंबकांची टोकं), ५.८ किलोओहम रोध आणि कापडी आवरणाच्या वायरी असं सगळं लिहिलंय. १९६२ साली फेंडरच्या फुलर्टनच्या कारखान्यात जवळपास हेच होत होतं. तारेच्या लेपात फॉर्मवार जाऊन साधं इनॅमल आलं ते १९६४ च्या सुमारास. वर्णन लिहिणाऱ्याला विषय कळतो. डबा भरणाऱ्याने मात्र ते वाचलेलं दिसत नाही.

पिकअप उलटा केला की सगळा उलगडा होतो. जुन्या पद्धतीत फायबरच्या दोन पट्ट्यांमध्ये सहा चुंबक ठोकलेले असतात आणि तार थेट त्यांच्याभोवती गुंडाळलेली असते. इथे प्लास्टिकची बॉबिन आहे, तिच्यात साध्या लोखंडी कांड्या आहेत आणि तळाला गोंदाने चिकटवलेली करडी सिरॅमिक पट्टी आहे. हा नुसता दिखाव्याचा फरक नव्हे. कॉइलच्या पोटात अल्निकोऐवजी लोखंड आलं की कॉइलचा इंडक्टन्स वाढतो, रेझोनन्सचं टोक (पिकअप जिथे सर्वांत जोरात बोलतो तो सूर) खाली सरकतं आणि स्ट्रॅटची ती काचेसारखी वरची धार बोथट होते. टोन नॉब कितीही फिरवला तरी ती परत येत नाही.

रोधाचे आकडे असे : नेकचा (मानेजवळचा) ७.६, मधला ७.७, ब्रिजचा (तारांच्या खालच्या टोकाजवळचा) ७.९ किलोओहम. ‘उन्हाळ्यात रीडिंग जास्त येतं’ असं आपल्या तंत्रज्ञाने फोनवर सांगितलं. येतं, पण किती? तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. मोजताना खोलीत ३१ अंश होते. २० अंशांवरचं ५.८ तिथे ६.०५ च्या आसपास दिसेल, ७.९ दिसायला एप्रिलची नव्हे, भट्टीची गरज आहे. एकतर वेढे जास्त आहेत किंवा तार ४३ गेजची आहे. बारीक तारेचा रोध तेवढ्याच वेढ्यांना जास्त भरतो, आणि असा फुगलेला आकडा ‘हॉट’ (जोरदार आवाजाचा) म्हणून विकायला बरा पडतो.

पोल सपाट, सहाही एका उंचीचे. ७.२५ इंच गोलाईवर मधल्या तारा उंच बसतात, म्हणजे सपाट पोलपासून लांब पडतात, आणि डी आणि जी या मधल्या तारा दबून वाजतात. जुने उंचसखल पोल वरून बारीक तार गुंडाळलेल्या जी तारेसाठी होते, त्यामुळे आजची साधी जी तार त्यांच्यावर जरा जास्त जोरात वाजते हे खरं. पण तो दोष मला चालतो म्हणूनच तसा संच निवडला होता. निवड ग्राहकाची असते, गोदामाची नाही.

सगळ्यात गंभीर दोष मधल्या पिकअपचा. होकायंत्र धरलं तर तिन्ही पिकअपच्या माथ्यावर एकच ध्रुव दाखवतं. मग काट्याचा मीटर सर्वांत संवेदनशील डीसी रेंजवर ठेवून, पांढरी वायर लाल प्रोबला आणि काळी वायर काळ्या प्रोबला जोडून, पोलवर स्क्रू ड्रायव्हर झटकन टेकवला. नेक आणि ब्रिजला काटा उजवीकडे उडाला, मधल्याला डावीकडे. चुंबक तोच आणि गुंडाळणी उलट, म्हणजे मधला पिकअप आउट ऑफ फेज आहे, त्याचा संकेत बाकी दोघांच्या उलट आहे. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, म्हणजे मधला पिकअप शेजारच्यासोबत वाजतो तिथे, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक होणार. चुंबक आणि गुंडाळणी दोन्ही उलटे असते तर काटा उजवीकडेच उडाला असता आणि त्या दोन जागी गुणगुण कटली असती; १९६२ च्या मूळ गिटारमध्ये तसंही नव्हतं. मधल्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की फेज सुटते हे मला माहीत आहे. ₹ ११,४०० ही दुरुस्ती मी करावी म्हणून दिलेले नाहीत.

वायरीही प्लास्टिकच्या आहेत. सोल्डरिंग गनच्या उष्णतेने आवरण वितळून मागे सरकणार.

ट्यूनरची गोष्ट वेगळी, आणि इथे आपल्या सल्ल्याने गिटारचं कायमचं नुकसान झालं असतं. मागवले होते क्लुसन या ब्रँडच्या धाटणीचे : माथ्यावर चीर असलेला खांब, दाबून बसणारं बुशिंग (भोकातली धातूची कडी), ८.८ मिमीचं भोक, आणि शेजारच्या दोन ट्यूनरमध्ये एक स्क्रू अशी सहा ट्यूनरना सात स्क्रूंची रांग. आले ते बंद गिअरपेटीचे. त्यांना १० मिमीचं भोक लागतं, वरून नट आवळावी लागते आणि पाठीमागे दोन बारीक पिनांसाठी नवी भोकं पाडावी लागतात. वजनही जास्त, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यावर गिटारची मान खाली झुकणार.

यावर ‘कन्व्हर्टर बुशिंग वापरा’ असं ईमेल आलं. कन्व्हर्टर बुशिंग मोठं भोक लहान करतं, म्हणजे १० मिमीच्या भोकात जुन्या मापाचा खांब बसवायला ते लागतं. इथे उलट अडचण आहे. पुढच्या ईमेलमध्ये ‘सुताराकडून भोक वाढवून घ्या’ म्हटलंय. नायट्रोसेल्युलोजच्या जुन्या धाटणीच्या पॉलिशवर ड्रिल चालवलं की भोकाच्या कडेने पापुद्रे उडतात, आणि एकदा वाढवलेलं भोक पूर्ववत होत नाही. अशी गिटार पुढे विकताना खरेदीदार आधी हेडस्टॉकची पाठ पाहतो. हा सल्ला इतर ग्राहकांना देऊ नका, एवढी विनंती.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही संच आपल्या खर्चाने कुरिअर पाठवून न्यावेत आणि ₹ १५,६५० परत करावेत. बदली माल देणार असाल तर पाठवण्याआधी पिकअपच्या तळाचा फोटो, तापमानासह रोधाचं रीडिंग, आणि ट्यूनरच्या बुशिंगचा बाहेरचा व्यास कॅलिपर लावलेल्या फोटोत हवा. ते पाहून मी होकार कळवीन. ट्यूनरच्या पानावर भोकाचं माप मिलिमीटरमध्ये छापावं. ‘विंटेज फिट’ या दोन शब्दांनी कुठलंच भोक मोजता येत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. या मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
ग्राहक, पुणे

सोबत : बिलाची प्रत, वर्णनाच्या पानाचा स्क्रीनशॉट, पिकअपच्या तळाचे तीन फोटो, मीटरच्या काट्याचा व्हिडिओ, दोन ईमेलच्या प्रती.