लिंबू, बीटाडीन आणि आकड्यांची वही

ती. बाबा व आईस,
सा. न.

बाबा, निपाणीत दुपार सरत नाही म्हणता, तर हेरांच्या विद्या शिकायला घ्या. सामान घरातच आहे.

आधी अदृश्य शाई. अर्ध्या लिंबाचा रस गाळून घ्या. काडीला कापूस गुंडाळून लिहा. टाकाने लिहिलंत तर निबाचा ओरखडा तिरप्या उजेडात दिसतो. वाळल्यावर त्याच कागदावर बॉलपेनने खुशालीचं पत्र लिहा. गुप्त ओळी उभ्या, दिसणाऱ्या आडव्या. वाचायला आईची इस्त्री घ्या, कॉटनवर, वाफ बंद. रस लागलेला भाग बाकीच्या कागदाआधी करपतो, म्हणून अक्षरं तपकिरी उमटतात. इस्त्री रेंगाळली की सगळाच कागद करपतो. एलईडी बल्बपाशी धरून बसू नका, तो तेवढा तापत नाही.

पण ही युक्ती इतकी जुनी की हिच्यावर भिस्त ठेवू नये. पहिल्या महायुद्धात कार्ल म्यूलर या जर्मन हेराकडे लिंबू सापडलं, तोच पुरावा झाला आणि १९१५ साली लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घातल्या.

आई, तुझ्यासाठी भाताची पेज. गाळून, निवल्यावर तिनेच लिही. चमचाभर बीटाडीन चार-पाच चमचे पाण्यात मिसळून बोळ्याने फिरव, अक्षरं निळी-काळी उठतील. अख्खा कागदच निळा झाला तर दोष पेजेचा नाही. झेरॉक्सच्या कागदाला बहुधा कारखान्यातच स्टार्च लावलेला असतो. म्हणून आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघ. गाळणकागद बरा. खाली रद्दी घाल, डाग जाता जात नाहीत.

खरी मजा सांकेतिक लिपीत, आणि बाबांचा हिशोब पक्का आहेच. क ते ळ ही चौतीस व्यंजनं ०१ ते ३४. अ ते औ ४१ ते ५०. काना ५१, मग क्रमाने दोन वेलांट्या, दोन उकार, दोन मात्रा-खुणा, ो आणि ौ ५९ पर्यंत. अनुस्वार ६०, हलन्त ६१. ‘कुंदा’ म्हणजे ०१ ५४ ६० १८ ५१. किल्लीसाठी, म्हणजे निरोपाच्या आकड्यांत मिळवायच्या आकड्यांसाठी, ० ते ९ च्या दहा चिठ्ठ्या डब्यात घाला, एक काढा, आकडा लिहा, परत टाकून हलवा. मनाने आकडे सुचवू नका, माणूस नकळत ठरावीकच आकडे घेतो. समजा ३८ ९२ ०७ ६४ १५ निघाले. एकेक अंक मिळवा, हातचा सोडून द्या: ३९ ४६ ६७ ७२ ६६. उलगडताना वजा करा, कमी पडलं तर दहा उसने घ्या. किल्लीच्या दोनच प्रती हव्यात, आणि वापरलेलं पान लगेच चुलीत. तेच पान दुसऱ्यांदा वापरलं की कुलूप उघडलंच. १९४२ मध्ये सोव्हिएतांनी अशी पानं दुबार छापली आणि अमेरिकनांनी त्यातले बरेच निरोप फोडले. नियम पाळले तर ही लिपी फोडता येत नाही, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी गणिताने सिद्ध केलं. तो निबंध १९४९ सालचा.

हेर निरोप हातात न देता ठरलेल्या जागी लपवून ठेवतात. तो ठेवल्याची खूण खडूने करतात, ठेवण्याच्या जागेपासून लांब. आपल्याकडच्या पावसात खडू टिकत नाही, जून ते सप्टेंबर ड्रॉइंग पिन टोचा.

शेवटचं मात्र छंद म्हणून नको, आजपासूनच सुरू करा. माझ्या आवाजात फोन आला, अडकलोय, पैसे पाठवा, असं कुणी म्हणालं, किंवा पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉल लावून धरला, तर खुणेचा प्रश्न विचारायचा. प्रश्नाचा उत्तराशी काही संबंध नसावा: ‘गोकाकला पाऊस आहे का?’ याचं उत्तर ‘चाव्या आजीकडे’, असं काहीतरी. ही जोडी उदाहरणाची, आपली समोरासमोर बसून ठरवू. व्हॉट्सॲपवर नको, वहीतही नको. उत्तर चुकलं तर वाद न घालता फोन ठेवायचा, आणि माझा जुना नंबर स्वतः लावायचा.

तुमचा,
धाकटा