झोपेत बोट पुढे करणारी मुलगी

संपादक, सप्रेम नमस्कार.

आयुष्य वाढवून काय करायचंय, नुसतं म्हातारपण लांबवायचं, असं हल्ली बरेच जण लिहितात, मला ते अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र. माझ्या मुलीला आठव्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला, म्हणजे ज्यात शरीरात साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन बनणंच बंद पडतं तो. इन्सुलिन यायच्या आधी हे निदान म्हणजे मरणच, डॉक्टर पोरांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने पदरात पडायचे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इन्सुलिन दिलं, पण ते नीट शुद्ध नव्हतं, रिअ‍ॅक्शन आली, थांबवावं लागलं. मग तिथल्याच टीममधल्या कॉलिप या बायोकेमिस्टने ते आणखी शुद्ध केलं, १२ दिवसांनी परत दिलं आणि साखर खाली आली. ते १२ दिवस त्याच्या आईवडिलांनी कसे काढले असतील हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे पहिली काही वर्षं रात्री दोनचा अलार्म असायचा. मोबाईलच्या उजेडात बोट टोचून साखर बघायची, आणि पोरगी इतकी सरावली होती की झोपेतच बोट पुढे करायची. आता दंडावर नाण्याएवढा सेन्सर आहे, दर पाच मिनिटांनी आकडा फोनवर येतो, साखर उतरायला लागली की अंगाला लावलेला इन्सुलिन पंप आपोआप इन्सुलिन कमी करतो. ती झोपते. मीही झोपते.

आणि एवढ्यावर थांबलेलं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली, ज्यांना हा आजार होणारच असं टेस्टमध्ये दिसतंय त्यांच्यात तो सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलला जातो. दोन वर्षं म्हणजे काय ते ज्याच्या घरात लहान पोर आहे त्याला विचारा! स्टेम सेलपासून बनवलेल्या, इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी देऊन तर ट्रायलमधल्या काही जणांचं बाहेरून इन्सुलिन घेणं चक्क बंद झालंय. पेशंट अजून मोजकेच आहेत, इम्युनिटी दाबायची औषधं घेत राहावी लागतात, हे मला माहितीये, पण पहिलं इन्सुलिनसुद्धा असंच अर्धंकच्चं होतं ना.

मुलगी आता सतरा वर्षांची आहे. तिला सत्तरीची म्हातारी व्हायचंय, आणि ती होणार असं मी धरूनच चाललेय.

– एक आई