सईच्या परीक्षांबद्दल

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षांपैकी सईला एसएटीला बसवू की एसीटीला, की दोन्ही देऊन टाकू दे, असं विचारतोस. दोन्ही नकोत. आणि कुठली द्यायची हे सावकाश ठरव. मेरिटवर पैसे, म्हणजे स्कॉलरशिप, कोण देतं ते आधी बघ.

हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि बाकीच्या आयव्ही लीगमध्ये, म्हणजे त्या आठ नामांकित विद्यापीठांत, गुणवत्तेवर दमडी मिळत नाही. जी मदत मिळते ती घरची मिळकत बघून. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस सगळं आलं, हे स्कोअर प्रवेशालाही बघत नाही आणि स्कॉलरशिपलाही नाही. तुझ्या यादीतली निम्मी नावं इथेच गळली! उलट अलाबामा विद्यापीठ जीपीए, म्हणजे शाळेतल्या ग्रेडची सरासरी, आणि स्कोअर किती असला तर किती स्कॉलरशिप, याचा तक्ताच जाहीर करतं. तशी कॉलेजं सापडली, तर परीक्षेवर घाम गाळण्यात अर्थ आहे. ‘टेस्ट ऑप्शनल’ या शब्दांवर मात्र विसंबू नकोस. स्कोअरशिवाय प्रवेश मिळतो, पण स्कॉलरशिपची अट कधी कधी वेगळी असते, ती स्कॉलरशिपच्या पानावरच वाच.

एसएटी आणि एसीटी कॉलेजांना सारख्याच चालतात. सईला घरी दोन्हींचा एकेक पूर्ण सराव पेपर घड्याळ लावून सोडवू दे, जिच्यात बरी वाटेल ती ठेवा, दुसरी विसरा. एसीटीत सायन्स आता ऐच्छिक झालंय, पण काही कॉलेजांना ते अजून लागतं, एवढं तपास.

खरी काळजी पीएसएटीची, म्हणजे एसएटीच्या आधीच्या शाळेतल्या परीक्षेची घे. नॅशनल मेरिट या देशभरच्या स्कॉलरशिप स्पर्धेसाठी अकरावीच्या ऑक्टोबरातलीच धरतात, दहावीतली नुसती रंगीत तालीम. आणि नॅशनल मेरिटची निवड ज्या इंडेक्सवर होते, त्याचा हिशोब आपल्या मंडळींना झेपत नाही. रीडिंग-रायटिंगची दुप्पट, त्यात गणित मिळवायचं, दहाने भागायचं. समज, सईला इंग्रजीत 700 आणि गणितात 740 पडले, तर इंडेक्स 214. तेच उलटे पडले तर 218. बेरीज दोन्हीकडे 1440च! म्हणजे गणिताच्या क्लासवर तू जो पैसा ओततोयस, त्यातला थोडा वाचनाकडे वळव. त्यात तुम्ही न्यू जर्सीत. सेमीफायनलिस्ट व्हायला लागणारा इंडेक्सचा कटऑफ राज्यागणिक वेगळा असतो आणि तुमचा कायम वरच्या टोकाला. चार गुणांनी तिथे बरंच बिघडतं.

नॅशनल मेरिटचे स्वतःचे 2500 डॉलर एकदाच मिळतात, त्यासाठी एवढा आटापिटा कुणी करू नये. पण फायनलिस्टना मोठी सूट देणारी विद्यापीठं आहेत, ती यादीत असतील तरच. सेमीफायनलिस्ट झाली तर पुढे फायनलिस्ट व्हायला एसएटी किंवा एसीटीचा स्कोअर लागतोच, तेव्हा ती तयारी वाया जात नाही.

यादी छाटून पाठव, शनिवारी फोनवर बसून बघू. आणि सईलाही फोनवर घे रे, पेपर तिला द्यायचेत.

तुझा,
अविनाश