प्लगइन करा, पण जुन्या गिऱ्हाइकाचं बटण जाऊ देऊ नका

फोंडा, गोवा

प्रिय संदेश,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या पावत्या, एसएमएस, अहवाल हे सगळं कोअरमधून, म्हणजे मूळ गाभ्यातून, काढून प्लगइनमध्ये, म्हणजे हवे तर जोडायच्या सुट्या भागांत, न्यायचं तुम्ही ठरवलंत, हे वाचून फार आनंद झाला. पण तुझ्या आराखड्यातली एक ओळ मनाला लागून राहिली: 'अपग्रेडनंतर लागेल ते प्लगइन ग्राहकाने बसवून घ्यावे.' ती ओळ काढच.

आमच्याकडेही हेच काम चाललंय. गिऱ्हाइकं बहुतेक आसपासची देवस्थानं आणि पतसंस्था. अभिषेकाची पावती करणाऱ्या कारकुनाला प्लगइन म्हणजे काय हे कशाला ठाऊक असायला हवं? काल बटण होतं, आज नाही, आणि समोर मुंबईहून कुलदैवताच्या दर्शनाला आलेले कुळावी ताटकळलेले. त्याच्या लेखी सॉफ्टवेअर मोडलं, आणि तेच खरं.

वेबसाइटी चालवणाऱ्या वर्डप्रेसने डिसेंबर 2012 मध्ये 3.5 आवृत्तीत लिंक मॅनेजर (इतर साइटींच्या लिंका साठवायची सोय) काढला तेव्हा काय केलं बघ. नव्या साइटवर तो दिसेनासा झाला, पण ज्यांच्याकडे आधीच लिंका साठवलेल्या होत्या त्यांचा तसाच चालू राहिला. नव्यांपैकी कुणाला हवा असेल त्याच्यासाठी प्लगइन. मला हा निर्णय फार सुज्ञ वाटतो.

सॉफ्टवेअरची बांधणी आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या जेनकिन्सचा मार्ग तर तुम्ही बारकाईने अभ्यासाच. एखादी सोय कोअरमधून वेगळी झाली की त्याआधीच्या कोअरवर बांधलेलं प्रत्येक प्लगइन त्या सोयीवर अवलंबून आहे असंच तिथे धरलं जातं. शिवाय वेगळी काढलेली प्लगइनं जेनकिन्सच्या मूळ फाइलीतच भरून येतात, त्यामुळे इंटरनेट नसलेल्या यंत्रावरही अपग्रेड अडत नाही. पावसाळ्यात आमच्या गावांतली लाइन कशी असते ते तू पाहिलंयसच, तेव्हा याचं मोल तुला सांगायला नको.

डेटाबेसमधल्या टेबलांची नावं बदलू नका. मालकी प्लगइनकडे जाऊ दे, डेटा जागचा हलायला नको.

सुरुवात एसएमएसपासून करायची म्हणतोस. ते सोपं आहे, पण त्यातून काहीच कळणार नाही. पावत्यांपासून करा. कर, क्रमांक, छपाई, परवानग्या, सगळ्यांत त्यांचे हात गुंतलेत. कुठले हुक, म्हणजे प्लगइन कोअरला जिथे जोडायचं त्या जागा, कमी पडतात ते तिथेच उघडं पडेल. आणि आपलं प्लगइन म्हणून त्याला कोअरची खासगी फंक्शनं वापरायची सूट देऊ नका. बाहेरच्याला जे दार, तेच आपल्याला. नाहीतर फोल्डर तेवढे बदलतील, गुंता तोच राहील.

रिलीज चवथीच्या तोंडावर नको. त्या दिवसांत अख्खा गोवा घरी असतो, फोन उचलायला कुणी नसतं.

अहवालांना कोअरची कुठली फंक्शनं लागतात त्याची यादी काढून पाठव. आमची सोबत जोडलीय; दोन्ही शेजारी ठेवून एकदा निवांत बोलू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
महेश