डालड्याच्या पत्र्याचा तुकडा जपणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सादर नमस्कार.

गाडी तुमच्याकडून घरी आणून आज दीड महिना झाला. त्या दिवशी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या तुमच्या शेडमधून निघताना मला नीट बोलता आले नाही. पैसे दिले, हात जोडले आणि डोळे भरून आले म्हणून घाईघाईने गाडीत जाऊन बसले. तेव्हा जे बोलायचे राहून गेले ते आता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण जुन्या गाडीपायी गॅरेजांचे उंबरठे झिजवणाऱ्या माणसांना तुमच्यासारखे कारागीर आजही आहेत हे कळायला हवे.

माझ्या वडिलांनी ही १९६५ सालची एमजीबी १९७४ मध्ये जुनीच विकत घेतली होती. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली ही गाडी दादरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर चाळीस वर्षांहून अधिक काळ उभी राहिली. खारा वारा आणि मुंबईचा पाऊस पत्र्याचे काय करतात हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या चाकांमागे चिखल अडवायला जो आडवा पत्रा असतो, त्याच्या कडेचे रबर केव्हाच कुजून गेले होते. चाकाने उडवलेला चिखल तिथून आत शिरून दाराखालच्या सिलच्या, म्हणजे उंबऱ्यासारख्या पोकळ पत्र्याच्या, तोंडाशी साठत राहिला आणि वर्षानुवर्षे ओला राहून त्याने पत्रा आतून खाल्ला. बाहेरचा रंग मात्र शेवटपर्यंत चकचकीत होता. बाबा गेले त्या वर्षी मी दार उघडून उंबऱ्यावर पाय ठेवला, तेव्हा तो पाय कागदात जावा तसा आत गेला.

तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी दोन ठिकाणी मी गाडी दाखवली होती. पहिल्या गॅरेजने चार महिने गाडी ठेवून घेतली, भरपूर पैसे घेतले आणि नवा रंग देऊन ती परत केली. तुम्ही पहिल्या दिवशी खिशातून लोहचुंबक काढून त्या सिलवरून हळूहळू फिरवला आणि तो वीतभर अंतरात कुठेही चिकटला नाही, तेव्हा मला कळले की तिथे पत्रा नव्हताच. तुम्ही छिन्नीने टोचलेत आणि भोके बुजवायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, बोटभर जाड पापुद्रा निघाला. त्याच्या आत कोंबलेले वर्तमानपत्र ओलसर होते आणि त्यावरची तारीखही वाचता येत होती. त्याहून वाईट काम डाव्या बाजूला झाले होते. टप नसलेल्या या गाडीचा सगळा भार तळाच्या पत्र्यावर आणि दोन्ही बाजूंच्या सिलवर असतो. त्यांनी खालून आधार न देता तिथे कापाकापी केली, गाडी मधोमध बसली, दार लागेनासे झाले, आणि मग बसलेली गाडी सरळ करण्याऐवजी त्यांनी दाराचीच कड घासून टाकली. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी तर गाडीखाली वाकूनही न पाहता भंगारात द्या म्हणून सांगितले. ते बोलतानाही माझ्याकडे न पाहता माझ्यासोबत आलेल्या भावाकडे पाहत होते.

तुम्ही काम कसे केलेत त्याचा सगळा तपशील इथे लिहीत नाही. गाडी चारी बाजूंनी ठोकळ्यांवर घेऊन, दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा वेल्ड करून, दाराच्या फटीची मापे खडूने भिंतीवर लिहून ठेवल्याशिवाय तुम्ही कटर हातात घेतला नाहीत, एवढे सांगितले तरी जाणत्यांना पुरे. इंग्लंडमध्ये या गाडीचे पत्रे आजही नवे बनतात. सिल तिथून मागवले, पण तळाचा पत्रा तुम्ही स्वतःच्या हाताने ठोकून घडवलात. पुढची चाके ज्यावर वळतात त्या किंगपिनची झिजलेली बुशे बदलताना दाबून बसवलेल्या नव्या बुशात पिन आधी जाईचना, आणि भोक किंचित मोठे करणाऱ्या रीमरचा अर्धा अर्धा फेरा देत तुम्ही ती अशी बसवलीत की बोटाने ढकलली तर जावी पण सोडली तर पडू नये. हे पाहताना माझा दुपारचा चहा हातातच गार झाला होता.

पण हे पत्र या कामासाठी नाही. हे पत्र त्या पत्र्याच्या तुकड्यासाठी आहे.

सीटांच्या मागे, दोन बॅटऱ्या ठेवायच्या खणाशेजारी, तळाला एक ठिगळ होते. १९८६ च्या पावसाळ्यात बॅटरीच्या ॲसिडने तिथे भोक पडले, तेव्हा बाबांनी डालड्याचा रिकामा डबा कापून, तो पत्रा सपाट करून, साध्या हातोडीने रिबिटी मारून ते बुजवले होते. बाबा बँकेत कारकून होते, त्यांना या कामाचे काही शिक्षण नव्हते. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि रिबिटींची डबी धरून त्यांच्याशेजारी बसले होते. पहिल्या गॅरेजातल्या पोरांना ते ठिगळ दिसले तेव्हा ते एकमेकांना बोलावून दाखवत हसले होते. मी काही बोलले नाही, पण ते हसणे मी विसरले नाही.

तुम्ही तळ कापलात त्या दिवशी मी मुंबईत होते. पुढच्या शनिवारी आले तेव्हा तुम्ही फडताळातून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलेत. गंज घासून, तेलाचा हात फिरवून स्वच्छ केलेला तोच तुकडा होता. पिवळ्या रंगाचा एक कोपरा अजून शाबूत होता आणि त्यावर हिरव्या माडाचे अर्धे झाड दिसत होते. तुम्ही म्हणालात, ‘वडलांचं काम हाय न्हवं हे? रिबिटं बघा, एका मापात हाईत. घाई न करता केलंय.’ आणि तुम्ही खिशातली पट्टी काढून दोन रिबिटींमधले अंतर मला मोजून दाखवलेत. बारा रिबिटी होत्या, आणि अंतर सगळीकडे पाऊण इंच होते.

मी कधीच सांगितले नव्हते की ते बाबांनी केले आहे. तुम्ही ते हातावरून ओळखलेत. ज्यांनी आयुष्यभर पत्रा घडवला त्या माणसाने एका कारकुनाच्या हौशी कामाकडे नीट पाहावे, त्यातले चांगले काय ते शोधावे आणि ते त्याच्या लेकीला पट्टीने मोजून दाखवावे, यासाठी तुम्हाला कुणी पैसे दिले नव्हते, आणि बिलात त्याची ओळही नव्हती. कसब अनेकांकडे असते हो. दुसऱ्याच्या कष्टाला मान देण्याची ही सवय मात्र फार थोड्या हातांना असते, आणि ती ज्यांच्यात असते त्यांच्या हाती आपली वस्तू निर्धास्त सोपवता येते, हे मला इतक्या खेट्यांनंतर कळले. बाबा गेल्यापासून मी गाडीसाठी धावपळ करत होते, लोकांशी भांडत होते; रडले मात्र नव्हते. त्या शनिवारी तुमच्या शेडमागच्या नळावर तोंड धुण्याच्या निमित्ताने मी पुष्कळ रडले. तुमच्या लक्षात आले असणार, कारण तुम्ही हाताखालच्या पोराला तिकडे येऊ दिले नाहीत. त्याबद्दलही आभार.

तो तुकडा मी बॅटरीच्या खणाच्या झाकणाला आतून लावून घेतला आहे. बाबा होते तिथेच आहेत असे वाटते.

तुम्ही दिलेली ग्रीसगन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेर निघते. तुम्ही दाखवल्याप्रमाणे गाडीखाली चटई टाकून, पुढच्या चाकांशी ग्रीस भरायचे एका बाजूचे तीन आणि दुसऱ्या बाजूचे तीन असे सहाही निपल फडक्याने पुसून, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत मी दाबत राहते. माझी मुलगी फडके धरून शेजारी बसते. दारे दोन्ही एका बोटाने लागतात.

आपली कृतज्ञ,
एमजीबीवाली ताई