कुंभार्ली घाटात आता ही गाडी नको

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा आपल्या मारुती ८०० बद्दल तुम्ही म्हणालात, "सगळं वायरिंग नवीन टाकून घेतो, मग पाच वर्षं बघायला नको." तेव्हा मी गप्प बसले. फोनवर या विषयाचं धड होत नाही. तुम्ही गाडीची बाजू घेता, माझा आवाज चढतो आणि आई मधेच "जेवलीस का" विचारते. म्हणून लिहितेय.

इंजिन ठणठणीत आहे, मान्य. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण त्याच घराण्यातलं ७९६ सीसीचं इंजिन पुढेही ओम्नी-अल्टोत होतं. त्यामुळे इंजिनाचे पार्ट चिपळुणात सहज मिळतात. क्लच प्लेट, रेडिएटर तुम्ही बदललंत, त्यावर मी कधी बोलले नाही. झिजणारी वस्तू बदलावीच लागते.

पण गाडी इंजिनामुळे बंद पडतच नाहीये ना! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी आवारात शिरलं, गाडी स्टिअरिंगच्या वर बुडाली, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. चिखल धुतला, सीटा वाळवल्या, ऑइल बदललं, गाडी सुरू झाली आणि आपण म्हटलं, वाचली. मे महिन्यात मिस्त्रींनी डॅशबोर्डखालचा वायरी जोडणारा कपलर माझ्यासमोर सोडवला. आतल्या पिना हिरव्यागार. एक तर बोट लागताच तुटून त्यांच्या हातात आली. म्हणून कधी पेट्रोल पंपाला करंट जात नाही, कधी सेल्फ घेत नाही, आणि गॅरेजात नेली की शहाण्यासारखी सुरू होते. मग त्यांनी तुमच्या पायाखालचं मॅट उचललं आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो पत्र्यातून आरपार. कोकणची हवा आधीच गंजाची, त्यात पुराचा गाळ पोकळ भागांत बसलेला. वायरिंग नवीन येईल, पत्र्याला ठिगळही लागेल. आतून किती उरलंय ते मिस्त्रींनाही दिसत नाही. आणि या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय).

डिसेंबरात पुन्हा पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आहे. मागे फी सहाशे होती; २०२२ पासून ती पाच हजार झाली, आणि २०२५ पासून वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. (दिल्लीसारखी पंधरा वर्षांची बंदी आपल्याकडे नाही, व्हॉट्सॲपवर काहीही येवो.) खर्चाचं मात्र मी फार धरत नाही. नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा ही स्वस्तच पडते, तुमचं गणित बरोबर आहे.

मला झोप लागत नाही ती घाटामुळे. कराडहून येताना कुंभार्लीत गाडी बंद पडली, अंधार, धो धो पाऊस, फोनला रेंज नाही, मागचे दिवेही लागत नव्हते, आणि वळणावर तुम्ही दोघं. हे मला आईने सांगितलं, तुम्ही नाही. गुडघे धरलेली आई धक्का मारणार होती का?

तर माझं म्हणणं असं: वायरिंगवर आता पैसे घालू नका. डिसेंबरपर्यंत ब्रेक, टायर, दिवे एवढंच नीट ठेवा आणि गाडी बाजारापुरती दिवसा काढा. कराडला एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने जा, पैसे मी देते, त्यावर वाद नको. पासिंग करू नका. भंगारवाल्याने घरी येऊन रोख दिले तरी देऊ नका. आरसी (गाडीची नोंदणी) रद्द झाली नाही तर गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते आणि उद्याचं झेंगट तुमच्या गळ्यात. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली की प्रमाणपत्र मिळतं, नवी गाडी घेतल्यास त्यावर रोड टॅक्समध्ये सवलत असते.

तुमचं गाडी चालवणं बंद करा असं मी म्हणत नाहीये, बाबा. उलट क्लच नसलेली छोटी गाडी बघू या, गुडघ्याला बरी. पसंती तुमची, अर्धे पैसे माझे. रंगाचं तेवढं आईला विचारा, गेल्या वेळी कुणी विचारलं नव्हतं म्हणून ती अजून ऐकवते.

गणपतीला येतेय. तोवर आरसी, विमा, पीयूसी एका फायलीत काढून ठेवा. आणि आई, तुझं खरं मत काय ते बाबा शेजारी नसताना कळव.

तुमची,
ताई