आरोग्यशिक्षणाची पदवी आणि तिच्यासाठीची जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर प्रवेशांचे दिवस आले की जीवशास्त्र, समाजकार्य, परिचर्या, गृहविज्ञान अशा शाखांतून पदवी घेतलेली पुण्यातील मुले-मुली सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांची चौकशी करू लागतात. साथरोगशास्त्र किंवा रुग्णालय व्यवस्थापन म्हणजे काय, याची त्यांना थोडीफार कल्पना असते. आरोग्य संवर्धन आणि आरोग्यशिक्षण ही याच विद्याशाखेतील एक पूर्ण वाढलेली शाखा आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आणि ज्यांना ठाऊक असते त्यांच्या घरून पहिला प्रश्न येतो तो 'दोन वर्षे शिकून पोस्टरच चिकटवायची का?' असा. राज्याच्या आरोग्य विभागात विस्तार व माध्यमाच्या कामात नोकरी केलेली आणि निवृत्तीनंतर अशा विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याला जमेल तसा हातभार लावणारी एक व्यक्ती म्हणून या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि त्या निमित्ताने येथील विद्यापीठे, महापालिका व राज्य शासन यांच्याकडे एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडू शकणारा आजार) रुग्ण एकामागून एक सापडू लागले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोविषाणू आढळले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. नांदेड आणि किरकटवाडी ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली ती २०२१ मध्ये. हद्द वाढली तरी पाण्याची व्यवस्था त्याच वेगाने वाढत नाही, हे पुणेकरांना सांगायला नको. त्या दिवसांत 'पाणी उकळून प्या' हा संदेश सर्वत्र दिला गेला आणि तो शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होता. पण भाड्याच्या एका खोलीत सहा माणसे, एक शेगडी आणि महिनाभर पुरवायचा एक सिलिंडर असलेल्या घरात हा संदेश पोहोचतो तेव्हा काय होते, हे मी विद्यार्थिनींबरोबर फिरताना पाहिले आहे. अशा एका घरात क्लोरीनची बाटली देवघराच्या फळीवर सील न फोडता ठेवलेली होती. घरातील बाईंना ती कशासाठी आहे हे माहीत होते. शेजारणीने टाकून पाहिले तेव्हा पाण्याला वास आला, मुलांनी ते तोंडाला लावले नाही, आणि किती पाण्याला किती थेंब हे बाटलीवर लिटरमध्ये लिहिलेले असल्याने त्यांच्या हंड्याला किती हे कोणीच सांगितले नव्हते.

आमच्यातील एका विद्यार्थिनीने तेथे भाषण केले नाही. तिने घरातला हंडा आणि कळशी लिटरच्या बाटलीने मोजली, त्यानुसार थेंब ठरवले, थेंब टाकून पाणी ढवळून अर्धा तास झाकून ठेवायचे हे बाईंच्याच हातून करून घेतले, आणि त्यानंतर ते पाणी सर्वांनी मिळून प्यायले. वास पूर्ण गेला नव्हता. तो थोडा राहणे हेच औषध काम करत असल्याचे लक्षण आहे, हे तिने समजावले. मग त्याच वस्तीतल्या आणखी काही घरांत विचारपूस करून तिने पत्रकाचा मजकूर बदलला, लिटरच्या जागी हंडा, कळशी आणि घागर आली, आणि छापण्यापूर्वी तो मजकूर वस्तीतल्या बायकांकडून वाचून घेतला. एका वाक्यात दोनदा अडखळल्यावर ते वाक्यही बदलले. लोकांची गरज जाणून घेणे, अडथळा शोधणे, उपाय आखणे, साहित्याची पूर्वचाचणी घेणे आणि शेवटी वर्तनात बदल झाला की नाही हे मोजणे, असा हा सगळा क्रम आरोग्यशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवला जातो. तो अंगवळणी पडायला दोन वर्षे फार नाहीत.

या शास्त्राचा उगमही अशाच एका कोड्यात आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाच्या तपासणीसाठी फिरती क्ष-किरण केंद्रे लोकांच्या दारापर्यंत नेली होती, तपासणी विनामूल्य होती, तरी पुष्कळ लोक येत नव्हते. त्या सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला तेव्हा दिसले की, आपल्यालाही हा रोग होऊ शकतो आणि लक्षणे नसताना तपासणी करून घेण्यात फायदा आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना मनोमन पटलेल्या होत्या तेच लोक जास्त प्रमाणात येत होते. त्यातून आरोग्यविषयक धारणांचे जे प्रतिमान तयार झाले, ते आजही या विषयाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकावे लागते. आपल्याकडे क्षयाचा रुग्ण दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले की सहा महिन्यांचे औषध मध्येच सोडतो, तेव्हा त्याला 'अडाणी' म्हणून मोकळे होणे सोपे असते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक त्याला कोणी, कधी आणि कशा शब्दांत सांगितला, हा प्रश्न विचारायला मात्र प्रशिक्षण लागते.

तरीही, आरोग्य संवर्धन म्हणजे केवळ समजावून सांगणे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅनडातील ओटावा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात आरोग्यपूरक सार्वजनिक धोरण, पोषक परिसर, समुदायाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवेची फेरमांडणी अशी पाच अंगे सांगितलेली आहेत. त्यांत व्यक्तीला शिकवणे हे एकच अंग आहे. डेंग्यूच्या हंगामात आपण 'पाणी साठवू नका' म्हणतो. पण ज्या सोसायटीत टँकर येईल तेव्हाच पाणी मिळते, तेथील माणूस पिंप भरणारच. त्याला उपयोगी पडणारी माहिती वेगळी आहे. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायचा. आणि अंडी पिंपाच्या आतल्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन् महिने तग धरतात, म्हणून पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही, पिंप घासावे लागते आणि तोंडाला कापड घट्ट बांधावे लागते. याचबरोबर टँकरच्या वेळा आणि पाण्याचा दर्जा यांविषयी क्षेत्रीय कार्यालयात पाठपुरावा करणे हेही त्याच आरोग्यशिक्षकाचे काम आहे. हे दुसरे काम शिकवत नसेल तो अभ्यासक्रम अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा आणि सवय यांतले अंतर पाहायचे असेल तर मिश्रीचे घ्या. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पण सकाळी चुलीजवळ बसून भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावणाऱ्या बाईला आपण 'व्यसन' करतो असे वाटतच नाही. 'तंबाखू खाता का?' असे विचारले की ती खरेपणाने 'नाही' म्हणते, आणि सर्वेक्षणाच्या कागदावर तेच 'नाही' नोंदवले जाते. प्रश्न कसा विचारावा हे कळण्यासाठी मानववंशशास्त्राची ओळख हवी, उत्तर कसे मोजावे यासाठी सांख्यिकी हवी. या विषयाचा पदव्युत्तर अभ्यास दोन्ही एकाच विद्यार्थ्याच्या हाती देतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

पुण्याने तर लोकांना विश्वासात न घेता राबवलेल्या आरोग्य मोहिमेची फार मोठी किंमत मोजलेली आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या अधिकाराखाली सैनिकांकडून घरांची झडती घेतली गेली, माणसांना बळाने हलवले गेले, आणि परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. ज्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे तेथे सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, राज्याचा आरोग्यविषयक माहिती, शिक्षण व संपर्क विभाग याच शहरात आहे, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थाही येथेच आहे. विषाणू ओळखणारे आणि लोकांशी बोलणारे यांना एका शहरात आणण्यासाठी आणखी कोणता योग जुळून यायला हवा?

देशाच्या पातळीवर हा विषय नवा नाही. केंद्रीय आरोग्य शिक्षण ब्यूरोची स्थापना १९५६ मध्ये झाली. कोलकात्याच्या अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेत आणि तमिळनाडूतील गांधीग्राम येथील संस्थेत आरोग्य संवर्धन व शिक्षणाची पदव्युत्तर पदविका दिली जाते. आपल्याच राज्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले आणि नीट आखलेले शिक्षण काय करू शकते हे जगाला दाखवले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र केडर उभारण्यास सुचवले. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत तर आरोग्यशिक्षकाचा व्यवसाय म्हणून उल्लेख आहे. एवढे असूनही प्रत्यक्षात हे काम बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी टेबलावर 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येते. जागतिक क्षयरोग दिन आला की फेरी, तंबाखू विरोधी दिन आला की शपथ, आणि अहवालात किती कार्यक्रम झाले व किती पत्रके वाटली यांचा आकडा. नोकरीत असताना असे अहवाल मीही भरले आहेत. वस्तीत काय बदलले, हे विचारणारा रकाना त्यांत नव्हता.

रकाना नसल्याचे परिणाम इतरत्र दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण सुमारे ५४ टक्के झाले. याची कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष आरोग्यशिक्षणाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु लोहाच्या गोळ्या वाटणे आणि त्या पोटात जाणे यांच्यामध्ये मळमळ, काळी शौच, चहाबरोबर गोळी घेण्याची सवय आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे मत अशा कितीतरी गोष्टी उभ्या असतात, आणि त्यांच्याकडे लक्ष देणे हे ज्याचे पूर्णवेळ काम आहे असा माणूस यंत्रणेत सहसा नसतो.

आशाताई आहेत ना, असे यावर सांगितले जाते. आशाताई हा या व्यवस्थेचा कणा आहे याबद्दल दुमत नाही. पण कामागणिक मोबदल्यावर चालणाऱ्या या स्त्रियांवर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत इतके काही लादलेले आहे की संदेश तयार करणे, तो तपासणे आणि त्याचा परिणाम मोजणे हेही त्यांच्याकडूनच अपेक्षिणे योग्य नाही. त्यांच्या पाठीशी उभा राहणारा प्रशिक्षित आरोग्यशिक्षक त्यांना हवा आहे. शिवाय त्यांच्यापैकी आणि आरोग्य सेविकांपैकी ज्या पदवीधर आहेत त्यांच्यासाठी या अभ्यासक्रमात काही जागा राखून, त्यांचा क्षेत्रानुभव श्रेयांकांत धरावा. वस्तीत वर्षानुवर्षे उंबरे झिजवलेल्या बाईला समुदायाशी संपर्क कसा साधावा, हे पहिल्या सत्रात पाठ्यपुस्तकातून शिकवत बसू नये.

म्हणून माझी मागणी अशी आहे. पुण्यातील विद्यापीठांनी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आरोग्य संवर्धन व शिक्षण ही स्वतंत्र विशेष शाखा द्यावी आणि तिच्या विद्यार्थ्यांना एक पूर्ण सत्र क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत काम करायला लावावे. प्रबंध इंग्रजीत लिहिला तरी वस्तीसाठीचे साहित्य मराठीत, आणि जेथे कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणारे कामगार राहतात तेथे त्यांच्या भाषेत, तयार करून तपासणे सक्तीचे असावे. महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी सेवाप्रवेश नियमांत या पात्रतेचे पद निर्माण करावे. पद निघाल्याशिवाय चांगला विद्यार्थी या शाखेकडे वळणार नाही, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून विद्यापीठ शाखा सुरू करणार नाही. हा गुंता शासनाने पद निर्माण करूनच सुटेल, कारण विद्यापीठाच्या हाती ते नाही.

दरम्यान, जे विद्यार्थी आजच प्रवेशाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांना सांगणे आहे की, माहितीपुस्तिकेवरील इमारतीचे छायाचित्र पाहून संस्था निवडू नका. क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे, त्यावर देखरेख कोण करते, शिकवणाऱ्यांमध्ये समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राची पार्श्वभूमी असलेले कोणी आहे का, आणि मागील तुकड्यांनी केलेले कार्यक्रम व त्यांची मूल्यमापने पाहायला मिळतील का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

आपली,
एक निवृत्त आरोग्य कर्मचारी,
सिंहगड रस्ता, पुणे